डाव्या हाताचा इळा

मेलीस तेव्हा तुझं बोलणंही सोबत घेऊन जायला पाहिजे होतं, माय. तुझी लुगडी वाटून झाली, पाण्याचा पितळी गुंड मोठ्या काकूनं नेला, कोंबड्या कोणाच्या पोटात गेल्या ते कळलंही नाही. ते एक वाक्य मात्र कोणी नेलं नाही. ते मागं राहिलं आणि आता माझ्या घरात, माझ्या नातीच्या ताटापाशी येऊन बसलं आहे. बोलून तू मोकळी झालीस. मला मात्र या वयात, छातीच्या हाडात तारा आणि पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत शिवण घेऊन, त्याच्याशी भांडावं लागते. आधी ही तक्रार ऐकून घे, मग कशी आहेस ते विचारीन. विचारायचं तरी काय. मेलेलं माणूस बरंच असते.

लिहिताना हातातून शाळेतली भाषा उतरते, बोलायला लागले की आपली. दोन यत्ता झाल्या तेवढ्याच, पुढचं सारं बाजारातून पुड्यांना गुंडाळून आलेल्या कागदांवर वाचत गेले. हे मी नातीच्या पेन्सिलीनं लिहीत आहे, आणि डाव्या हातानं. डाव्यानं लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं येते, आणि ओळ पुढं सरकली की हात लिहिलेल्यावरूनच घासत जातो, सगळं काळं होते. उजव्यानं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. गुरुजींनी छडी मारमारून तेवढा हात तयार करून दिला आहे. पण तुला लिहायचं तर याच हातानं. तुझं भांडण याच्याशी होतं ना.

ती सकाळ मला अजून दिसते. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं, आपल्या गावाला सडक नव्हती, बंडीच्या चाकांनी पाडलेली वाट होती. ओसरीवर बाबांकडे वडशाकडचा पाहुणा बसला आहे, आत्याच्या लग्नाचं बोलणं घेऊन. तू आतून म्हणतेस, पाणी ने. मी गडवा उचलते आणि ज्या हातात आहे त्याच हातानं पुढं करते. पाहुणा गडव्याकडे पाहतो, माझ्या हाताकडे पाहतो आणि म्हणतो, तहान नाही. ते लग्न दुसऱ्याच कशानं मोडलं असेल. आत्या रंगानं काळी, बाबांची जमीन नाल्याकाठची, कारणं काय कमी होती. पण घरात कारण म्हणून माझा हात ठरला. तू जुन्या लुगड्याचा काठ फाडलास आणि माझा डावा हात कमरेला बांधून टाकलास. मग ताट वाढलंस. लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. मी कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली, उजव्या हातातला घास तोंडाच्या आधी मांडीवर पडतो आहे. मी विचारलं, काऊन? तू चुलीत लाकूड सारता सारता, माझ्याकडे न पाहता बोललीस.

"आज पाहुणा उठून गेला. उद्या नवरा उठून जाईन. हा हात तुले एक दिवस खाईन, पोरी."

रागानं बोलली असतीस तर चाललं असतं. रागाचं बोलणं भांड्याच्या आवाजासारखं असते, थोड्या वेळानं थांबते. तू शांतपणे बोललीस, उद्या ऊन पडेल म्हणावं तसं. त्यामुळे ते राहिलं.

पण मी तुला तेवढ्यावर सोडणार नाही. कापणीचं काय? ते विसरलीस का? धान पिवळं झालं, मजुरीला माणसं मिळेनात, घरातल्या सगळ्यांना शेतात, बांधीत उतरायचं होतं. माझ्या हातात इळा दिलास. इळ्याची धार एका अंगानं काढलेली असते. उजव्या हाताचा इळा डाव्यानं धरला तर तो कापत नाही, चावतो. आणि उजव्यानं धरला तर माझा नेम चुकतो. पहिल्याच दिवशी धानाआधी मी आपली नडगी कापून घेतली. तू पदर फाडून जखम बांधलीस. आणि बाजाराच्या दिवशी मला हाताला धरून लोहाराकडे नेलंस. डाव्या हाताचा इळा पाहिजे म्हटल्यावर तो भाता थांबवून हसायलाच लागला.

"असा इळा आजवर कोणी मांगितला नाई, बाई. पोट्टीचा हात वळव ना. लोखंड काऊन वळवाले सांगून राह्यली?"

"हात वळवून पाह्यला," तू म्हणालीस. "आता लोखंड तरी ऐकते का पाहाचं हाय."

लोखंडानं ऐकलं. लहानशी मूठ, बाक उलटा, धार दुसऱ्या अंगाला. मी तो हातात धरला आणि मला पहिल्यांदा कळलं, की आजवर माझ्यात खोट नव्हती, इळ्यात होती. दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्यावर तू इकडंतिकडं पाहिलंस. म्हणालीस, इथी कोणी पाहत नाई, काप. मी कापत गेले. ओळीतल्या बाया मागं पडल्या. एक म्हणाली, ही पोट्टी आहे का उंदीर? तू हसलीस. तुझं हसणं मला फार आठवत नाही, पण ते आठवते. आणि दुपारी बांधाच्या धुऱ्यावर मोहाच्या सावलीत शिदोरी सोडलीस, मी भुकेनं हात पुढं केला, तसा तू त्या हातावर टिचकी मारलीस. उजवा.

माझा सवाल एवढाच आहे, माय. तुझ्या धानाला हा हात चालला. तुझ्या ताटाला काऊन नाही चालला? कापलेला भात याच हाताचा, आणि खायला मात्र दुसरा हात, ज्यानं एक पेंडी बांधली नाही. मालकाला ओसरीवर बसवून गड्याला बाहेरून भाकर द्यावी, तसं केलंस तू माझ्या दोन हातांचं.

पुढच्या कापणीला तू नव्हतीस. हिवताप आला आणि घेऊन गेला. भांडायला मला सवड मिळाली नाही. आज हिशेब करते तर तू गेलीस तेव्हा माझ्या सुनेपेक्षा लहान होतीस. हे लक्षात आलं की तुला माय म्हणताना जीभ अडखळते, पोरच होतीस तू. पण पोरीचं बोलणं म्हणून सोडून देईन, असं समजू नको.

इळा घेऊन मी सासरी आले. तिथल्या बायांनी दोन दिवस नाकं मुरडली, कापणी लागल्यावर मुरडायला सवड राहिली नाही. नवरा उठून गेला नाही. गेला तो म्हातारपणी, माझ्याच हातचं जेवून. तुझ्या वाक्यातलं अर्धं तर तिथंच खोटं पडलं होतं.

मग छातीचं निघालं. आपल्या वेळी काळजाचं दुखणं म्हणजे माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी बोलायची गोष्ट. आता तसं नाही. पोरानं मला नागपूरला नेलं. तिथं छातीचं हाड करवतीनं उघडतात, काळजाच्या नसा बुजल्या असल्या तर त्यांना वळसा घालून रक्ताला नवी वाट काढून देतात. त्याला बायपास म्हणतात. एक नस त्यांनी माझ्या पायातून काढून काळजाला लावली. दुसरी काढलीच नाही. डाव्या हाताकडे जी मोठी नस जाते, तिची एक फांदी छातीच्या आतून खाली उतरते. तिचंच टोक सोडवून काळजाला जोडलं. मग हाड तारेनं बांधलं, कुंपण बांधावं तसं. मी बरी झाले. कितीतरी वर्षं अशी गेली की मी आजारी होते हे पायावरची शिवण खाजली तरच आठवायचं.

दोन पावसाळ्यांपासून पुन्हा दुखायला लागलं. चालताना नाही, जिना चढताना नाही. विहिरीचा दोर ओढला, गोधडी पिळली, मुसळ उचललं की छाती आवळायची आणि डोळ्यांपुढं काजवे. तपासायला गेले. छातीला चिमटे लावून कागद काढला. फिरत्या पट्ट्यावर मला चालवलं, काही निघालं नाही. निघणार कसं? मी पायानं थोडीच कांडते. आणि दर खेपेला रक्ताचा दाब पाहायला नर्सबाई हात मागायची, तेव्हा मी उजवा पुढं करत होते. मोठ्या माणसापुढं, देवापुढं, औषध देणाऱ्यापुढं डावा करायचा नाही. तू शिकवलंस. इतकं पक्कं शिकवलंस, की आपण असं करतो हे मला कळतही नव्हतं. उजव्या हातात दाब चांगला निघायचा. ती म्हणायची, आजी, तुमचं छान आहे. मी छान आहे म्हणून घरी यायची आणि पुन्हा मुसळ उचलायची.

गेल्या मंडईला पडले. मंडई तुला ठाऊकच आहे, दिवाळी झाली की गावोगाव दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि पाहुण्यांनी घर भरलेलं. आता जरा मोठं झालं आहे एवढंच, नाटकवाले वडशाहून गाडी भरून येतात. पाहुण्यांच्या रश्शासाठी मी उखळात तिखट कांडत होते. मशीनचं तिखट मला चालत नाही, त्याला चव नसते, नुसता ठसका असतो. कांडता कांडता मुसळ हातातून सुटलं आणि मी भिंतीवर जाऊन आदळले. पोरानं गाडी केली, गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला.

तिथं माझ्या उजव्या हातात सुई टोचून बाटली लावली होती. म्हणून दाबाचा पट्टा तिथल्या नर्स पोरीनं डाव्या हाताला बांधला. आकडा पाहून ती म्हणाली, मशीन बिघडली. दुसरी आणली, तीही बिघडली. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मनगटाची नाडी पाहिली, आधी या हाताची, मग त्या हाताची, मग पुन्हा याची. त्या ब्रह्मपुरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, त्यामुळे त्यांना माझी भाषा येत होती आणि मला त्यांची कळत होती.

"आजी, इतके वर्षं हा हात कोणाले दाखवला नाई?"

"मांगितला कोणी? आणि डावा हात मोठ्या माणसाले द्याचा नसते."

त्या हसल्या नाहीत. माझा डावा हात आपल्या हातात धरूनच म्हणाल्या, "इथी दोनी लागतात, आजी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तलावाचा पाट वरून येतो, मोठा पाट डाव्या हाताच्या बांधीला जातो, त्याला फुटलेली फांदी काळजाच्या बांधीला. पाटाच्या तोंडाशीच गाळ बसला. हात निवांत असला तर दोघांचं कसंबसं भागते. पण हात कामाला लागला की त्याला पाणी लागते, वरून तर येत नाही, मग फांदीतलं पाणी उलटं फिरते. काळजाच्या बांधीतलं हात ओढून घेतो. डॉक्टरांच्यात याला चोरी म्हणतात, असं त्या म्हणाल्या. बायपासनंतर इतक्या वर्षांनी असं होणं फार कमी दिसते, त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, माणसात पाहिलं नव्हतं. गाळ काढून तिथं जाळीची नळी बसवायची, की पाट मोकळा. छाती पुन्हा उघडायची नाही. तोवर डाव्या हातानं जड काम करायचं नाही. फुकट इलाजाच्या सरकारी कार्डाचे कागद आणायचे होते म्हणून मला मधले दिवस घरी धाडलं.

घरी माझ्या आधी चोरीचा शब्द पोचला होता. पोरानं फोनवर सांगितलं असेल, सुनेनं ऐकलं असेल, नळावर पाणी भरताना तो गावभर झाला. शेजारची बुढी माझ्या माहेरची, तुझ्या हातचं खाल्लेली. तिला बरोबर साठ वर्षांपूर्वीचं सापडलं, सकाळचं काय खाल्लं ते आठवत नाही तिला. ओट्यावर बसून म्हणाली, तुझी माय म्हणे ना वो, हा हात तुले खाईन म्हणून? माउली होती, तिले दिसत होतं. आणि बायांनी तुला हात जोडले, माय. मेल्यावर तू देवऋषी झालीस, माझ्या छातीच्या खर्चानं.

हेही मी ऐकून घेतलं असतं. मेलेल्याला मोठेपणा मिळाला तर मिळो. पण मी आत गेले तर नात जेवायला बसलेली. शाळेत नुकतीच जायला लागली आहे. माझ्यासारखीच आहे, ज्या हातानं पेन्सिल त्याच हातानं दगड, त्याच हातानं भावंडांना चापट. तिच्या डाव्या हातावर शाळेचा पांढरा मोजा चढवलेला, मनगटाशी रिबिनीची गाठ. उजव्या हातातला भात मांडीवर. पोरगी रडत नव्हती. माझ्याकडं पाहत होती, की आता आजी काय करते.

मी सुनेला म्हटलं, काढ तो मोजा.

"डॉक्टरीणबाईनंच सांगितलं ना, आई, डाव्या हातानं काम नाई कराचं म्हणून."

"ते मले सांगितलं. माह्या नसेत गाळ हाय. इच्या नसेत अजून दूध हाय."

"मी का दुश्मन हाय तिची?" सून वाईट नाही, माय, हे तुला सांगायला पाहिजे. माझी औषधाची बाटली, माझं न्हाणं, सगळं तिनं केलं. मोज्याकडं पाहत ती म्हणाली, "लोक बोलून राह्यले. उद्या हिले पाहाले कोण येईन? आन हिच्या छातीचं काई झालं तर मी कोणाकडं पाहू?"

पाहुणा आणि नवरा आणि खाणारा हात. तुझंच सारं, फक्त चूल जाऊन गॅस आला आहे. मी खाली बसले, गाठ सोडली, मोजा काढून आपल्या पिशवीत घातला. पोरीनं डाव्या हातानं घास घेतला आणि आईकडं पाहिलं. सुनेनं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "तुमी नागपूरवरून चांगल्या परत या, आई. मंग पाहू."

समजलं का तुला? सौदा असा आहे. मी परत आले, डावा हात हलवत आले, तर पोरीचा हात मोकळा. आणि ऑपरेशनच्या टेबलावर माझं काही झालं, तर सगळा गाव म्हणेल, शेवटी हातानं खाल्लंच. मग दुसरा मोजा निघेल, आणि त्याची गाठ सोडायला घरात कोणी नसेल. मरणाचं मला काही नाही, मरायचं वय केव्हाच होऊन गेलं. पण तुझं वाक्य खरं करून मरायचं नाही.

म्हणून आता नीट ऐक. हातानं चोरी केली नाही. वरून पाणी बंद झालं, त्यानं घरातलंच मागितलं, काळजानं दिलं. या हातानं जन्मभर धान कापून त्या काळजाला पोसलं, गरज पडल्यावर त्यानं दोन घोट परत दिले, त्याला चोरी म्हणायची असेल तर डॉक्टरांनी म्हणावी, त्यांच्यात तसा शब्द असेल. तू म्हणायचं नाही. आणि दुसरी गोष्ट. पाय कोणाला लागला तर आपण पाया पडतो, पाय देवाकडं करत नाही. त्याच पायाची नस आज इतकी वर्षं माझ्या काळजाला लागून आहे. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही. पाय चालला काळजात, आणि हात चालत नाही ताटात? आणि तिसरी, ही मला सगळ्यात लागते. मला या हातानं पाडलं नाही. या हाताला लपवल्यानं पाडलं. उजवा हात पुढं, उजवा हात पुढं, असं करत तुझी शहाणी लेक दोन पावसाळे मरणाच्या धुऱ्यावरून चालत राहिली. डावा एकदा पुढं केला असता तर गाळ तेव्हाच सापडला असता. तू बांधलेला तो काठ कमरेवरून केव्हाच सुटला होता, पण मी आपल्या मनानंच तो बांधून फिरत होते. नातीला बांधू देणार नाही.

सकाळच्या गाडीनं जायचं आहे. हे कुठं धाडायचं नाही, तुझ्या गावाला टपाल जात नाही. इळ्याला गुंडाळून ठेवते. कागद असला की पात्याला गंज धरत नाही, एवढा तरी उपयोग होईल. होय, तोच इळा. मुठी किती बदलल्या ते आठवत नाही, पातं झिजून अर्ध्या चंद्रावरून तिजेच्या चंद्रावर आलं आहे, पण अजून कापते. उद्या पोरीच्या हाताला तीच मूठ पुरेल.

इळा चांगला करून घेतला होतास. तेवढं कबूल आहे. त्यापुढं काही नाही.

मी परत आले तर माझं मी पाहून घेईन. नाही आले, तर पोरगी ताटापाशी बसून विचारेल, कोणत्या हातानं खाऊ. तिला उत्तर तू द्यायचं. सुनेनं नाही, पोरानं नाही, त्या शेजारच्या बुढीनं तर मुळीच नाही. तू बोलली होतीस, तूच खाली ये, आणि तिच्याकडं पाहून सांग.